युद्धाचा अभ्यास करणारा मानवशास्त्रज्ञ नेमके काय करतो?

मानवशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. निरनिराळ्या संस्कृतींमधील युद्धांचा अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्रज्ञाचे काम प्रत्यक्षात कसे चालते, युद्ध माणसाच्या रक्तातच आहे का याचे उत्तर त्या कामातून मिळते का, आणि हा विषय आयुष्यभरासाठी निवडण्यासारखा आहे का. मी हा विषय बरीच वर्षे शिकवत आले आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: जरूर निवडावा, मात्र लढाया पाहण्याच्या ओढीने निवडू नये. या क्षेत्रात ज्यांचे काम टिकले, त्यांचा बहुतेक वेळ एकाच शोधात गेला आहे. एखाद्या समाजात कोणाला मारलेले चालते, मारल्यानंतर मारणाऱ्याला काय करावे लागते आणि वैर मिटवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा तो शोध. लढाई दिसते ती काही तासांची. हे नियम मात्र वर्षानुवर्षे चालू असतात आणि लढाई किती मोठी होईल, ती कुठे थांबेल, हे तेच ठरवतात.

पहिली अडचण व्याख्येची येते. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ कीथ ऑटरबाइन यांनी आयुष्यभर एक भेद लावून धरला: दोन स्वतंत्र राजकीय समुदायांमधील सशस्त्र लढाई म्हणजे युद्ध, आणि एकाच समुदायातील घराण्यांमध्ये एका खुनाच्या बदल्यात दुसरा खून अशी चालणारी मालिका म्हणजे वैर. त्यांनी आणि शार्लट ऑटरबाइन यांनी १९६५ मध्ये ५० समाजांची तुलना करून दाखवले की, जिथे मुलगा लग्नानंतरही बापाच्या वस्तीतच राहतो आणि त्यामुळे सख्खे-चुलत भाऊबंद एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात, तिथे असे वैर जास्त आढळते. हा भेद न पाळता सगळ्या हत्या एकाच रकान्यात घातल्या, तर वाटेल तो निष्कर्ष काढता येतो. डग्लस फ्राय आणि पॅट्रिक सॉडरबर्ग यांनी २०१३ मध्ये २१ भटक्या शिकारी-संकलक समाजांतील नोंदवलेल्या १४८ प्राणघातक घटना एकेक करून तपासल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक घटनांत मारणारा एकटाच होता आणि बहुतेक घटनांमागे मत्सर, अपमान, घरगुती भांडण किंवा आधीच्या खुनाचा सूड होता. शिवाय जवळजवळ निम्म्या घटना ऑस्ट्रेलियातील टिवी या एकाच समाजातल्या होत्या. या १४८ घटनांना कोणी ‘आदिम युद्ध’ म्हणेल, तर कोणी ‘खून’ म्हणेल, आणि मानवी स्वभावाविषयीचे दोघांचे सिद्धान्त त्या एका निवडीवर उभे राहतील.

व्याख्येनंतर येते क्षेत्रकार्य, म्हणजे त्या समाजात राहून केलेला अभ्यास. त्याचे सर्वांत गाजलेले आणि सर्वांत वादग्रस्त उदाहरण अमेरिकन मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅग्नॉन यांचे आहे, आणि ते सविस्तर पाहिल्याशिवाय या विषयात पाऊल टाकू नये असे माझे मत आहे. शॅग्नॉन १९६४ मध्ये व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या वरच्या खोऱ्यात यानोमामी या अरण्यवासी जमातीच्या बिसासी-तेरी गावात पोहोचले. त्यांना वंशावळी हव्या होत्या, कारण कोण कोणाचा कोण हे कळल्याशिवाय कोणत्या गटाचे कोणाशी वैर का, हे कळणार नव्हते. परंतु यानोमामींमध्ये मृत व्यक्तीचे नाव उच्चारणे हा तिच्या नातेवाइकांचा घोर अपमान समजला जातो, आणि मोठ्या माणसाचे नाव चारचौघांत घेणेही असभ्य मानतात. गावकऱ्यांनी त्यांना कित्येक महिने खोटी आणि अश्लील नावे पुरवली, आणि दुसऱ्या गावात ती उच्चारल्यावर सगळे खो-खो हसले तेव्हा कुठे सारा प्रकार उघडकीस आला. पुढे त्यांनी एका गावाच्या पूर्वजांची नावे त्या गावाशी वैर असलेल्या गावांतून मिळवली व ती एकमेकांशी ताडून पाहिली. या चिकाटीतून जमा झालेल्या वंशावळी आजही या विषयातील मोलाची सामग्री आहेत.

१९८८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी त्यावरून काढलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ३० टक्के प्रौढ पुरुष हिंसेत मरतात, २५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के पुरुषांनी कोणाच्या तरी हत्येत भाग घेतलेला असतो, आणि अशा पुरुषांना इतरांपेक्षा अधिक बायका व अधिक मुले असतात, असे ते निष्कर्ष होते. शेवटच्या विधानाने जगभर खळबळ उडाली, कारण मारणाऱ्याचा वंश वाढतो असे त्यातून अनेकांनी वाचले. येथे मात्र थांबून ‘मारणारा’ कोणाला म्हटले आहे ते पाहिले पाहिजे. यानोमामींमध्ये हत्या केलेल्या पुरुषाला ‘उनोकाइमो’ हा शुद्धिविधी करावा लागतो. त्या काळात तो वेगळा राहतो, अन्नाला बोटे लावत नाही, आणि अंगाला खाज आली तर हाताऐवजी काडीने खाजवतो. ज्याने हा विधी केला तो ‘उनोकाइ’. छाप्यात एकाच माणसावर अनेकांनी बाण सोडले असतील, तर ते सगळेच हा विधी करतात. म्हणजे मृत्यू एक आणि उनोकाइ अनेक, असे सहज घडते. शॅग्नॉन यांनी हे लपवले नव्हते, पण ज्यांनी त्यांचा आकडा पुढे वापरला त्यांच्या लिखाणातून विधी गळून पडला आणि फक्त ‘मारेकरी’ उरले. आकड्यावरचा दुसरा आक्षेप मानवशास्त्रज्ञ ब्रायन फर्ग्युसन यांनी घेतला: गणनेत फक्त हयात पुरुष आहेत. ज्यांनी मारले आणि त्यापायी जे तरुणपणीच मारले गेले, त्यांच्या न झालेल्या मुलांचा हिशेब त्यात येत नाही. वय आणि गावप्रमुखाचे स्थान यांचा परिणामही त्यातून पुरेसा वेगळा काढलेला नाही. हे आक्षेप मला रास्त वाटतात.

फर्ग्युसन यांनी १९९५ मध्ये यानोमामींच्या युद्धांचा राजकीय इतिहास मांडला. त्यांचे म्हणणे असे की, या लढायांचा चढउतार पोलादी कुऱ्हाडी, कोयते, भांडी अशा बाहेरच्या वस्तू कोणत्या गावातून वाटल्या जातात, याच्याशी जुळतो. मिशनरी किंवा संशोधक ज्या गावात मुक्काम करतो, ते गाव वस्तूंचा नाका बनते, आणि त्या नाक्यावर ताबा मिळवण्यासाठी जुन्या वैराला नवी धार येते. शॅग्नॉन स्वतः माहितीच्या बदल्यात अशा वस्तू देत होते. फर्ग्युसन यांचे सगळेच युक्तिवाद मला सारखे पटत नाहीत, कारण यानोमामी स्वतः लढायांची कारणे सांगतात तेव्हा स्त्रिया, जादूटोणा आणि सूड यांना फार मोठे स्थान असते आणि ते बाजूला सारता येत नाही. पण संशोधक ज्या दृश्याचे वर्णन करतो त्याचाच तो एक भाग असतो, हे त्यांनी जितक्या ठामपणे दाखवले तितके इतर कोणी क्वचितच दाखवले असेल. पुढे २००० मध्ये एका पत्रकाराने शॅग्नॉन आणि आनुवंशशास्त्रज्ञ जेम्स नील यांच्यावर फार गंभीर आरोप केले. १९६८ ची गोवराची साथ त्यांच्या लसीकरणामुळे भडकली, हा त्यातील मुख्य आरोप तपासात टिकला नाही. अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनने या प्रकरणी स्वीकारलेला अहवाल सभासदांच्या मतदानानंतर २००५ मध्ये मागे घेतला. मात्र त्या काळात घेतलेले रक्ताचे नमुने अमेरिकेच्या प्रयोगशाळांत पडून होते, आणि मृताच्या देहाचा कोणताही अंश मागे राहू न देणाऱ्या समाजाला ते असह्य होते. ब्राझीलमधील यानोमामींना हे नमुने २०१५ मध्ये परत मिळाले व त्यांनी ते विधीपूर्वक पुरले.

क्षेत्रकार्य किती काळाचे, यावरही उत्तर बदलते. न्यू गिनीच्या पश्चिम भागातील बालिएम खोऱ्यात १९६१ मध्ये हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाची मोहीम गेली होती. रॉबर्ट गार्डनर यांनी तिथे दानी लोकांच्या लढायांचे चित्रीकरण केले आणि कार्ल हायडर मानवशास्त्रज्ञ म्हणून तिथे राहिले. त्यांनी पाहिलेल्या लढाया ठरवून होत. सकाळी आव्हान दिले जाई, दोन्ही बाजूंचे शेकडो पुरुष मोकळ्या मैदानावर जमत, पुढे-मागे सरकत, पाऊस आला तर घरी परतत. बाणांना पिसे नसल्यामुळे ते फार दूर नेमके लागत नसत. मृत्यू कमी होत, आणि प्रत्येक मृत्यूचा हिशेब पूर्वजांच्या आत्म्यांशी जोडलेला असे. एवढेच पाहून परत आलेल्याला दानींचे युद्ध म्हणजे धोकादायक पण बेताचा खेळ वाटला असता. जून १९६६ मध्ये मात्र त्याच परिसरात एका गटाने पहाटेच्या धुक्यात शेजाऱ्यांच्या वस्त्यांवर हल्ला केला आणि तासाभरात सुमारे १२५ स्त्री-पुरुष व मुले मारली. हायडर यांनी नंतरच्या माहितीवरून दाखवले की, दानींच्या युद्धाची ही दुसरी अवस्था आहे. ती काही दशकांतून एकदा येते, तिला विधींचे बंधन नसते, आणि तिच्यानंतर आघाड्या व जमिनी नव्याने वाटल्या जातात. अडीच वर्षांच्या उत्तम क्षेत्रकार्यातही ती डोळ्यांसमोर येईलच असे नाही. म्हणूनच वृद्धांच्या आठवणी, ओसाड पडलेल्या वस्त्यांच्या जागा आणि लग्नसंबंध अचानक तुटल्याच्या नोंदी गोळा करणे हे प्रत्यक्ष निरीक्षणाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

ज्या अभ्यासाने माझ्या स्वतःच्या विचारावर सर्वांत खोल ठसा उमटवला, तो दक्षिण सुदानमधील नुएर लोकांचा. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३० च्या दशकात नोंदवलेली पद्धत अशी होती. भाल्याने कोणाला मारले की मारणाऱ्याच्या अंगात मृताचे रक्त शिरले असे मानले जाई, आणि ते बाहेर काढले जाईपर्यंत त्याने अन्नपाण्याला शिवायचे नसे. तो धावत भूमीच्या पुरोहिताकडे जाई. बिबट्याचे कातडे पांघरणारा हा पुरोहित त्याच्या दंडावर उभा छेद घेऊन ते रक्त वाहू देई व त्याला आश्रय देई. मग महिनोन् महिने बोलणी चालत आणि सुमारे ४० गुरांची भरपाई ठरे. त्या गुरांवर मृताच्या नावाने एक स्त्री लग्न करून आणली जाई, म्हणजे तिला होणारी मुले मृताचीच समजली जात. पुरोहिताच्या हाती शस्त्र नव्हते, शिपाई नव्हते. दोन्ही बाजू एकमेकांच्या शेजारी गुरे चारतात, त्यांच्या मुली एकमेकांकडे दिलेल्या असतात, म्हणून त्याचा शब्द चाले.

शॅरन हचिन्सन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच लोकांत राहिल्या आणि १९९० मध्ये पुन्हा तिथे गेल्या, तोवर बंदुका आल्या होत्या आणि यादवी युद्ध पेटले होते. भाला कोणी फेकला हे सगळ्यांना दिसे. भाल्याचा जोर फेकणाऱ्याच्या हाडांतून येतो आणि त्यामुळे त्या मरणाची जबाबदारीही त्याच्यावर येते, अशी नुएरांची धारणा होती. गोळीचा जोर मात्र बंदुकीतच असतो, आणि अंधारात शंभर जणांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी कोणाची लागली हे सांगता येत नाही. मग दंडावर छेद कोणाच्या घ्यायचा? भरपाई कोणाकडून मागायची? त्यातच बंडखोर सेनेचे रीक माचार आणि इतर सेनानींनी लोकांना सांगायला सुरुवात केली की, ‘सरकारी युद्धात’ झालेल्या हत्येला दोष लागत नाही, शुद्धीची गरज नाही, भरपाईही नाही. हचिन्सन यांनी या बदलाची नोंद केली तेव्हा त्याचे पूर्ण परिणाम पुढे यायचे होते. १९९१ मध्ये बंडखोर सेनेत फूट पडली आणि नुएर व त्यांचे शेजारी दिंका एकमेकांच्या गावांवर तुटून पडले. ज्या स्त्रिया, मुले आणि वृद्धांना पूर्वी सहसा हात लावला जात नसे तेही मारले जाऊ लागले. युद्धाच्या क्रौर्याचे एक कारण येथे अगदी जवळून दिसते: मारणाऱ्याला थांबवून धरणारा, त्याला उपाशी ठेवणारा एक विधी वरच्या आदेशाने रद्द करण्यात आला.

पापुआ न्यू गिनीच्या एंगा प्रांतातील अभ्यास याच्या उलट दिशेने जातो, आणि ‘रक्तातच आहे का’ या प्रश्नाला मी सहसा त्यानेच उत्तर देते. पॉली वीस्नर यांनी १९८५ पासून तिथे काम केले, आणि एंगा संशोधक अकी टुमू यांच्यासोबत अनेक पिढ्यांचा मौखिक इतिहास गोळा केला. एंगांमध्ये लढाई आणि तहाची देवघेव ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. डुकरांची भरपाई पोहोचली की कालचे शत्रू पुन्हा व्यापारात भागीदार होत. १९९० च्या सुमारास धनुष्यबाणांची जागा शॉटगन आणि स्वयंचलित रायफलींनी घेतली, भाडोत्री बंदूकधारी तरुण पुढे आले, वडीलधाऱ्यांचा शब्द चालेनासा झाला, आणि मृत्यूंची संख्या झपाट्याने वाढली. वीस्नर आणि नित्झे पुपू यांनी अशा ५०१ लढायांची माहिती जमवली. त्यांना आढळले की, सुमारे दीड दशकानंतर लोक लढायांना विटले, जुन्या भरपाईच्या पद्धतीला ग्रामन्यायालये व चर्च यांची जोड मिळाली, आणि लढाया लवकर व कमी मृत्यूंनंतर मिटू लागल्या. त्या प्रांतातील शांतता पक्की झाली असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्याच एका चकमकीत कित्येक माणसे एका दिवसात मारली गेली. पण एकाच पिढीच्या हयातीत मृत्यूंचे प्रमाण इतके चढते आणि उतरते, तेव्हा बदलले ते शस्त्र, अधिकार आणि मिटवण्याची पद्धत. माणसांचे रक्त तेच होते. हिंसेची क्षमता माणसात आहेच, ती नसती तर नियमांची गरजच पडली नसती. युद्ध मात्र संघटित काम आहे, आणि संघटनेचा इतिहास प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.

एकेका समाजाकडून आपण तुलनेकडे वळतो, तेव्हा काम पूर्ण वेगळे होते. येल येथील ह्यूमन रिलेशन्स एरिया फाइल्स या संग्रहात जगभरच्या एथ्नोग्राफी, म्हणजे एकेका समाजाची सविस्तर वर्णने, परिच्छेदवार वर्गीकृत केलेल्या आहेत, आणि मर्डॉक व व्हाइट यांनी १९६९ मध्ये अशाच तुलनेसाठी १८६ समाजांचा नमुना निश्चित केला. कॅरल व मेल्विन एम्बर यांनी १९९२ मध्ये या नमुन्यावरून असे दाखवले की, नेहमीच्या टंचाईपेक्षा अवचित येणाऱ्या आपत्तीची धास्ती युद्धाशी अधिक घट्ट जोडलेली आहे. अवर्षण, टोळधाड, पूर कधी येईल याचा नेम नसेल, तर लोक शेजाऱ्याची जमीन वा गुरे आधीच ताब्यात घेण्याकडे झुकतात. मुलांना परक्यांवर अविश्वास ठेवायला शिकवणाऱ्या समाजांतही युद्ध जास्त आढळते. हे निष्कर्ष कागदावर सुबक दिसतात, पण त्यामागे दोन वाचक एकाच परिच्छेदासमोर बसून ‘ते शेजाऱ्यांशी वारंवार लढत’ या वाक्यातील ‘वारंवार’ला कोणता अंक द्यायचा यावर वाद घालत असतात. ते वाक्य मिशनऱ्याचे आहे की प्रशासकाचे, लढाया त्याने पाहिल्या की ऐकल्या, आणि परकीय सत्तेने तेव्हा त्या आधीच बंद पाडल्या होत्या का, हे तपासल्याशिवाय अंक देऊ नये.

हाडांचा पुरावा लिखित नोंदींच्या मागे जातो. सुदानमधील जेबेल सहाबा येथे १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ फ्रेड वेंडॉर्फ यांना १३,००० हून अधिक वर्षांपूर्वीचे दफनस्थळ मिळाले. २०२१ मध्ये इझाबेल क्रेव्हकर आणि सहकाऱ्यांनी तेथील ६१ सांगाड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली फेरतपासणी केली, तेव्हा ४१ जणांच्या हाडांवर जखमा आढळल्या, आणि त्यातल्या अनेक जखमा मृत्यूपूर्वी भरून आलेल्या होत्या. म्हणजे ती एकाच दिवसाची कत्तल नव्हती. पुन्हा पुन्हा छापे पडत होते. याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याकडचे आहे. मोहेंजोदडोच्या गल्ल्यांत आणि घरांत सापडलेल्या सांगाड्यांवरून पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये आर्यांच्या आक्रमणातील कत्तलीची कल्पना मांडली. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये दाखवले की हे सांगाडे एका थरातले नाहीत, आणि केनेथ केनेडी यांना हाडांवर हिंसेच्या खुणा जवळजवळ सापडल्या नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, जिथे इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांतील सांगाड्यांवर काम झाले आहे, काही महिने तरी बसून मृत्यूपूर्वीची जखम आणि मातीच्या दाबाने आलेली भेग यांतला फरक डोळ्यांनी ओळखायला शिकावे.

आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. युद्धाचा अभ्यासक युद्ध करणाऱ्यांना नेहमीच हवासा वाटतो. मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९३६ मध्ये नागा टेकड्यांत आले आणि कोन्याक गावांत राहून त्यांनी फार मोलाचे काम केले, पण पांग्शा गावावरील ब्रिटिशांच्या दंडात्मक मोहिमेबरोबरही ते गेले होते, आणि त्यांच्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. त्याआधी १९१९ मध्ये फ्रान्झ बोआस यांनी संशोधनाच्या आडून हेरगिरी करणाऱ्या मानवशास्त्रज्ञांचा जाहीर निषेध केला, तेव्हा त्यांच्याच संघटनेने त्यांना दोषी ठरवले. तो ठराव २००५ मध्ये रद्द झाला. २००७ पासून अमेरिकन सैन्याने इराक व अफगाणिस्तानात समाजशास्त्रज्ञांना तुकड्यांसोबत पाठवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यकारिणीने त्या उपक्रमाला नापसंती दर्शवली. वर्दीतल्या माणसाशेजारी बसून विचारलेल्या प्रश्नाला नकार देणे गावकऱ्याला शक्य नसते, म्हणून अशी माहिती मी संशोधन मानत नाही.

विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय सुचवायचा झाला, तर मी लढाईचा सुचवणार नाही. ब्रिटिश प्रशासक हटन आणि मिल्स यांच्या नागा टेकड्यांमधील नोंदींत गावागावांतील तहांचे, शपथांचे आणि भरपाईचे उल्लेख विखुरलेले आहेत. ते एकत्र करावेत, प्रत्येक तह कोणी घडवला, काय देऊन घडवला आणि तो किती काळ टिकला याची नोंद करावी, आणि मग आजच्या नागा अभ्यासकांशी व गावातील वडीलधाऱ्यांशी बोलून ती पडताळावी. त्यासाठी किमान एक नागा भाषा कामापुरती येणे आवश्यक आहे, आणि संख्याशास्त्राचा एक चांगला अभ्यासक्रमही. हे दोन्ही एम. ए. च्या दुसऱ्या वर्षापासून सुरू करता येते.